डिझेलचं तेल काळं होतंच

पुतण्याच्या मोबाईलमध्ये गाडीवाल्यांचा एक ग्रुप आहे. गावोगावची माणसं त्यात गाड्यांवर बोलत असतात. मी जन्मभर मिस्त्री होतो, म्हणून मला बरं वाटावं या हिशोबानं तो कधीमधी वाचून दाखवतो. परवा नव्यानंच गाडी घेतलेल्या कुणीतरी विचारलं होतं, "डिझेल गाडी आहे. काल ऑईल बदललं, आज तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर काळंकुट्ट. मेकॅनिकनं फसवलं का?" खाली उत्तरांची रांग. एकानं लिहिलं, आधी ग्रुपवरचं जुनं वाच, मग तोंड उघड. दुसऱ्यानं, गाडी विकून बैल घे. तिसऱ्यानं, फसवलंच, जाऊन गचांडी धर त्याची. बाकीच्यांनी नुसती हसरी तोंडं चिकटवलेली.

पुतण्याही हसला. मी म्हटलं, बंद कर ते. त्याला वाटलं म्हातारं उगाच भडकलं. उगाच भडकायची मला सवय नाही. हाच प्रश्न एकदा माझ्या दारात आला होता आणि असल्याच हसण्यानं माझं दुकान बसायची पाळी आणली होती.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. मानकोली नाक्यावर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, पुढचं सगळं गाडीखाली उताणा पडून शिकलो. भिवंडीतून कापडाचे ताके आणि सूत गुंडाळलेली बीमं घेऊन टेम्पो निघायचे, त्यातले बरेच माझ्या हातचे. राहनाळला तेव्हा गोदामं उभी राहायला लागली होती. तिथल्या एका गोदामाचे सगळे टेम्पो माझ्याकडे यायचे. त्यांचा मुनशी गाडी लावायचा आणि निघून जायचा. काय केलंस, काय बदललंस, काही विचारायचा नाही. मिस्त्रीची कमाई ती. गाडी सोडून पाठ फिरवणारं गिऱ्हाईक.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथं सकाळी स्वतःची गाडी असलेली माणसं जमायची. स्वतःची गाडी म्हणजे तेव्हा दारात हत्ती बांधल्यासारखं. लूमच्या चिंध्यांनी पुसायचे, बॉनेट उघडून आत बघत बसायचे, कुणाचं इंजिन कसं बोलतं यावर भांडायचे. त्यांच्यातल्या म्होरक्याला सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. मामांच्या डिझेल जीपला आत झालरीचे पडदे होते. गाडीतलं त्यांना कळायचं, खोटं कशाला बोलू. आणि त्याचाच मला राग आहे. न कळणारा चुकीचं सांगतो तेव्हा एक वेळ सोडून देता येतं.

या टपरीवर एक रीत होती. नवा गाडीवाला काही विचारायला आला की त्याला सरळ उत्तर द्यायचं नाही. त्याला 'फिरवायचा'. पहिला म्हणायचा दुसऱ्याला विचार, दुसरा म्हणायचा तिसऱ्याला. शेवटी मामा गंभीर तोंड करून काहीतरी ठोकून द्यायचे. एकाला सांगितलं, टायरमधली हवा जुनी झाली, सगळी काढून ताजी भर. बिचाऱ्यानं चारी चाकं बसवली आणि हातपंपानं पुन्हा भरत बसला. दुसऱ्याला सांगितलं, रेडिएटरमध्ये उकळलेलं पाणीच घालावं लागतं. तो घरून हंडा घेऊन आला. त्याच्या बायकोनं वर फडकं बांधून दिलं होतं. टपरीवाला गोरखपूरचा, त्यालाही हसू आवरेना, "मामा, आदमी को जीने दो." हवा आणि पाण्याच्या थट्टेनं कुणाचं वाटोळं होत नाही म्हणून मी गप्प बसायचो.

मग दिघाशीचा एक माणूस आला. आधी तो लूमवर बीम चढवायचा. भावाभावांत वाटणी झाली आणि त्यानं जुना डिझेल टेम्पो घेतला. गाडीतलं त्याला काही कळत नव्हतं आणि त्याची त्याला भीती होती. टेम्पो घेताना एकदा फसला होता, म्हणून कुणावरच विश्वास नाही. तेलाचा सीलबंद डबा त्यानं स्वतः आणला, माझ्यासमोर ठेवला आणि बाजारात गेला. तो येईपर्यंत मी जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, त्याचाच डबा फोडून ओतला. रिकामा डबा त्याच्या सीटवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पट्टी काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली. काळी.

आता हे नव्या माणसाला कसं कळावं? डिझेल जळलं की काजळी धरते, आणि इंजिनातली ती काजळी धुऊन काढणं हेच तेलाचं काम. जुन्या इंजिनात नवं तेल घाला, चार कोस गाडी चालवा, काळं होणारच. काळं झालं म्हणजे तेल काम करतंय. एवढंच सांगायचं होतं. पण तो आधी टपरीवर गेला.

मी पलीकडून बघत होतो. त्यानं पट्टी मामांपुढे धरली. मामांनी ती नाकाशी नेली, बोटांवर तेल चोळलं, डोळे मिटले. मग मान हलवली. "हे तर जुनंच तेल. तुझा डबा त्यानं विकला असेल." शेजारचे दोघे म्हणाले, "होय होय, वास येतोय."

तो पट्टी हातात धरूनच रस्ता ओलांडून आला. टेम्पोवाले उभे होते, सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, माजा डबा कुठं हाय?"

"इंजिनात आहे. रिकामा तुझ्या सीटवर ठेवला होता."

"मंग ह्ये काळं कसं?"

"डिझेलचं तेल काळं होतंच, दादा."

"कालचं तेल? एका रातीत? मना येडा समजतस काय?"

मी टपरीकडे बोट केलं. "त्यांना विचार. त्यांना ठाऊक आहे."

त्यानं वळून बघितलं. आम्हीही बघितलं. मामा बशीत चहा ओतत होते. त्या वेळेला एकानं नुसतं 'अरे गंमत केली' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. बशी तोंडाला लावून बसले सगळे. त्या बशा मला आजही दिसतात.

मग जे व्हायचं ते झालं. 'मानकोलीच्या मिस्त्रीकडे तेल बदलायचं तर डब्यावर बसून राहा' हे दिघाशीपासून राहनाळपर्यंत गेलं. टेम्पोवाले माझ्या डोक्यावर उभे राहायला लागले. एकानं काढलेलं जुनं तेल बाटलीत भरून घरी नेलं, कशाशी ताडून बघायला देव जाणे. गोदामाचा मुनशी काही बोलला नाही. त्याचे टेम्पो यायचे थांबले, एवढंच. घरात चूल थंड पडायची वेळ आली.

बायको म्हणाली, "अहो, एकदा मुनशीकडे जाऊन नीट सांगा तरी. तोंड उघडल्याशिवाय कळणार कसं?"

"मी नाही जाणार."

"का पण?"

"मी चोरी केलेली नाही. चोरी न केलेल्यानं दारोदार सांगत का फिरायचं? ज्यांनी खोटं सांगितलं ते फिरतील."

"ते चहा पितायत. आपली पोरं काय पितील?"

तिचं बरोबर होतं. पण मी गेलो नाही. मुनशीला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता बरं बरं, आणि मनात म्हणाला असता चोर गोड बोलतो. खरं माझ्या तोंडून खोटंच वाटणार होतं. ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

नंतर एका शुक्रवारी दुपारी, नाका सुस्त होता, टपरी बंद होती, मामांची जीप गॅरेजच्या मागच्या अंगाला येऊन उभी राहिली. पुढून नाही, मागून. मामा खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं. "मिस्त्री, तेल बदलून दे जरा. सोमवारी नाशिकला निघायचंय, लेकीची सुपारी फोडायचीय."

मी पाना खाली ठेवला. त्यांच्या तेलाच्या चेंबरच्या नटाची चुडी, म्हणजे आटे, कधीची गेली होती. त्याला लूमचा धागा गुंडाळून, विशिष्ट पेचात बसवावा लागायचा, नाहीतर तेल गळायचं. ते मीच करायचो. पण मी पाना ठेवला तो त्यामुळे नव्हे. मला चोर ठरवणाऱ्या माणसाला आपली गाडी चोराच्याच हातात द्यावीशी वाटत होती, आणि तीही मागून.

"मामा, रविवारी सकाळी पुढून आणा. टपरीसमोर बदलीन."

"अरे, असं काय करतोस. गंमत होती ती."

"मग तीच गंमत रविवारी करू. दिघाशीवाल्याला बोलवा. नवं तेल तो ओतील. गाडी तुम्ही राहनाळला नेऊन आणा. पट्टी तुम्हीच काढायची."

"आणि नाही आणली तर?"

"तर नाशिकपर्यंत धागा तुम्हीच गुंडाळा."

शिव्या देत गेले. पण रविवारी आले. टपरीवर सगळे होते. मी गॅरेजपुढे जुनं तेल काढून नट बसवला. दिघाशीवाल्यानं स्वतः डबा फोडला, तेल ओतलं. मधासारखं तेल, त्यानं बोट बुडवून बघितलं. मामा जीप घेऊन गेले, परत येऊन टपरीपुढे थांबले. पट्टी काढली. फडक्यावर पुसली. काळी.

"होतं रे," मामा म्हणाले. "डिझेलचं काळं होतंच. काजळी धरतं."

दिघाशीवाला म्हणाला, "मंग त्या दिसा?"

"त्या दिवशी फिरवला तुला."

सगळे खदखदून हसले. दिघाशीवाल्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं आता हा कुणाच्या तरी थोबाडीत देतो. पण तोही हसला. बाकावर कुणीतरी सरकलं, तो बसला, त्याला चहा आला. मी हात पुसत उभा होतो. मला वाटलं, तो रस्ता ओलांडून येईल. पट्टी घेऊन आला होता ना, तसाच. तिथूनच हात वर केला त्यानं. "मिस्त्री, राग धरू नको बरं का."

माझ्यावरचा आळ घेऊन तो माझ्या दारात आला होता. तो उतरवायला मात्र त्याला रस्ता लांब पडला.

आणि एवढ्यावर संपलं असतं तरी मी विसरलो असतो. पुढल्या पावसाळ्याच्या आत टपरीवर एक नवा आला. शाळेत शिपाई होता, मेहुण्याबरोबर जीप घेतली होती. हातात पट्टी, तोंडावर तीच भीती. मामा त्या दिवशी नव्हते. पट्टी नाकाशी कुणी नेली? दिघाशीवाल्यानं. डोळे मिटले, मान हलवली. "जुनंच हाय ह्ये. फसवला तुला मिस्त्रीनं."

मी पहिल्यांदा टपरीकडे गेलो. हातात मोठा पाना होता, तो तसाच राहिला. नव्या माणसाला सांगितलं, काळं होतंच, घाबरू नको, गाडी चालव. मग दिघाशीवाल्याला म्हटलं, "तुला मी खरं सांगितलं, तू ऐकलं नाहीस. यांनी खोटं सांगितलं, ते गावभर केलंस. आणि आज यांच्याच बाकावर बसून तेच बोलतोस?"

त्याला लाज नव्हती. खरंच नव्हती. "आरं मिस्त्री, मना कुनी सोडलेलं का? मी फिरलू, आता ह्यो फिरंल."

बाकीच्यांनी मान डोलावली. रीत ही अशी टिकते. ज्याला फटका बसतो तोच पुढच्यासाठी काठी धरतो, आणि त्याला आपण मोठे झालो असं वाटतं.

मी परत आलो. त्या दिवशी काढलेलं जुनं तेल डब्यात होतं. त्यात चिंधी बुडवली आणि पुढच्या पत्र्यावर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं: डिझेलचं तेल पहिल्या दिवशीच काळं होतं. ते चांगलं. विचारायचं आसेल ते इथं विचारा. टपरीवर नको. आसेल चुकलेलं होतं, कुणीतरी सांगितलंही. मी दुरुस्त केलं नाही.

पाटी नव्वद सालानंतरही कैक वर्षं होती. रंग फिका पडला की पुन्हा तेल फिरवायचो. लोक त्या पाटीखाली उभे राहून तोच प्रश्न विचारायचे. मी चिडायचो, ओरडायचो, डोळे फुटलेत का म्हणायचो, आणि मग सांगायचो. न सांगता कुणाला परत पाठवलं नाही. ओरडणं वेगळं आणि फिरवणं वेगळं.

मुनशी आला एकदा. पाटी वाचली. "एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचंस."

"सांगितलं होतं."

त्याचे टेम्पो परत आले. पण तो आता निघून जायचा नाही. ड्रमवर पेपर अंथरून बसायचा आणि डब्याचं शेवटचं तेल इंजिनात उतरेपर्यंत उठायचा नाही. नाव परत आलं असं लोक म्हणाले. मला ती त्याची पाठ परत हवी होती. ती काही आली नाही.

तर पुतण्याला म्हटलं, उघड परत तो ग्रुप आणि मी सांगतो ते लिही. "डिझेलचं तेल काळं होतंच. तुझ्या मिस्त्रीनं फसवलेलं नाही. उद्या त्याच्या दारात जा आणि सगळ्यांसमोर त्याला हे सांग." त्यानं लिहिलं. थोड्या वेळानं मला अंगठा दाखवला, त्या माणसानं पाठवलेला. म्हणाला, "काका, पटलं त्याला."

अंगठा मला नको. तो गेला का, ते विचार.