बोकडावर चार दिवसांचं प्रेम

माझे सासरे कोरेगावात शिलाईचं दुकान चालवायचे आणि गिऱ्हाइकाला कपड्याबरोबर प्रवचनही फुकट द्यायचे. बकरी ईद जवळ आली की विषय ठरलेला. "अल्लाला गोश्त पोचत न्हाई, आपला भाव पोचतो. जी चीज जिवाभावाची, तीच द्यायची. न्हाईतर कुर्बानी कसली?" समोरचा मान डोलवायचा, कारण त्याची विजार अजून शिवायची असायची.

लग्नानंतरची माझी पहिली बकरी ईद बहात्तरच्या दुष्काळात आली. सासऱ्यांनी माण तालुक्यातल्या एका धनगर बाईकडून बोकड आणला. शिंगं शाबूत, कान अखंड, दोन दात आलेले. कुर्बानीला चालणार नाही अशी एकही खोट त्याच्यात नव्हती. खोट निघाली ती सासऱ्यांत. ईद चार दिवसांवर आली आणि बोकडाबद्दल त्यांना काही म्हणजे काही वाटेना. कुर्बानी वाया जाणार या धास्तीनं त्यांनी प्रेम करायला घेतलं.

मला पाणी जपून वापरायची सक्त ताकीद होती. बोकडाला मात्र कोमट पाण्यानं आंघोळ. मळेवाल्या दोस्ताकडून सासरे हिरवा पाला आणायचे आणि एकेक काडी हातानं भरवायचे. बोकड पाला खायचा आणि त्यांना ढुशी द्यायचा. सासूबाई म्हणाल्या, "तीस वर्सं संसार केला, मला कवा असं भरवलं न्हाई."

"माझ्याकडं बघतोय का गं?" सासरे मला सारखं विचारायचे.

"दाव्याकडं बघतोय," मी म्हणायची आणि पदरात तोंड लपवून हसायची.

ईदच्या आदल्या दुपारी ती धनगर बाई दाराशी आली. गावाबाहेर दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती. "आवं चाचा, वाईच पाणी मिळंल का?" एवढंच ती म्हणाली, आणि परसातला बोकड ओरडत सुटला. खुंटा उपटतो की काय, असं दावं ताणलं त्यानं. ती आत आली तसं त्यानं तिच्या पोटात डोकं खुपसलं. कामावर मिळालेली सुकडी तिनं पदरातून काढून त्याला चारली. तेच बहुतेक तिचं दुपारचं जेवण होतं.

सासऱ्यांनी हातातला पाला खाली ठेवला. मग म्हणाले, "घिऊन जा बाई त्याला. मला पैसं परत नगंत."

"न्हिऊन घालू काय?" ती म्हणाली. "घरात वाळलं पान न्हाई. ह्याची आई वैरणीबिगर मेली माझ्या डोळ्याम्होरं. कशासाठी इकला ते ठावं हाय मला. हितं चार दिस हिरवं खाल्लं त्यानं, लय झालं."

पाणी न पिताच ती निघून गेली. चार दिवस मी हसत होते त्याची मला लाज वाटली.

सकाळी नमाज झाल्यावर मुल्ला परसात आले. दरवर्षीचं प्रवचन ऐकायला शेजारीपाजारी जमले होते, पण सासऱ्यांनी तोंड उघडलं नाही. मुल्लांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "कुर्बानी कुणाच्या नावानं?"

सासऱ्यांनी खुंट्याचं दावं सोडून हातात घेतलं.

"नाव माझंच घ्या," ते म्हणाले. "दिलंय मात्र त्या बाईनं."