लाल कड्यातल्या पेशी

जगात मोजण्यासारखं जे जे काही आहे ते आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी एकदा तरी मोजलेलं आहे, आणि एखादी गोष्ट राहून गेली असेलच तर ती त्यांच्या वाटेत आली नाही एवढ्याच कारणाने. मामा कुणाचेच नात्याने मामा नव्हते. नांदेडच्या विद्यापीठात आमच्या विभागात ते परिचर होते, आणि परिचराला मामा म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. गाव देवणीकडचं, घरी थोडी शेती आणि दावणीला देवणी गाई. हुद्दा परिचराचा असला तरी खरं काम पेशी मोजायचं. बाटलीत वाढवलेल्या पेशींचा एक थेंब जाळी आखलेल्या काचेवर घ्यायचा, त्यात निळा रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकातून एकेका चौकोनातल्या पेशी मोजत जायचं. मेलेली पेशी रंग पिऊन निळी होते, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. हे समजावून सांगायला माझ्या पुस्तकाला दीड पान लागलं होतं. मामा नव्या पोरापोरींना उभ्या उभ्या सांगत, "जित्तं जे हाय ते रंग लावून घेत न्हाई. बस."

आता एखादी पेशी नेमकी चौकोनाच्या रेघेवर बसली तर काय करायचं? नियम असा की वरच्या आणि डाव्या रेघेवरची धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची, म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. मामांनी हा नियम शेतात नेऊन बसवला होता. "वरच्या अन् डाव्या बांधावरचं झाड आपलं, खालच्या अन् उजव्या बांधावरचं शेजाऱ्याचं. भांडायचं न्हाई." इथवर ठीक होतं. पण बांध त्यांच्या अंगात इतका मुरला की पुढे माणसंही त्यातून सुटेनात. चाकूरला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीची माणसं मोजून आचाऱ्याला आकडा द्यायचं काम कुणीतरी मामांवर सोपवलं. पंगत बसली, वाढून झालं, आणि उजव्या टोकाची सगळी ओळ रिकाम्या पानांसमोर हात बांधून बसलेली. त्यात खुद्द नवरदेवाचे वडील. मांडवात धावपळ. मामा मात्र शांत. "ते उजव्या बांधावर बसले की हो. ते पुढच्या पंगतीत येतेत." त्या मुलीचा संसार पुढे सुखाचा झाला हे केवळ सासऱ्यांच्या मोठ्या मनामुळे.

पेशींना ते पेशी म्हणत नसत, जनावरं म्हणत. पेशींचं खाद्य गुलाबी असतं आणि शिळं झालं की पिवळं पडतं. दुसऱ्याच्या बाटलीत पिवळेपणा दिसला की मामा त्या विद्यार्थ्याला जिन्यात गाठत. "डबा खाल्लास का? खाल्लास ना? अन् ती तिकडं उपाशी हायत." पोरगं खालमानेने परत फिरायचं. पेशींच्या खोलीत ते कुणालाही बोलू देत नसत, कारण तोंडातले जंतू. स्वतः तर आत शिरताना दारातच श्वास भरून घ्यायचे आणि लाल-निळे होऊन बाहेर यायचे. आत असताना काही विचारलं तर फक्त भुवया हलवत. दोन भुवया म्हणजे हो, एक म्हणजे नाही. दसऱ्याला सगळा विभाग यंत्रांची पूजा करायचा, पण पेशी ठेवायच्या उबदार कपाटाला मामा त्या दिवशी हात लावू देत नसत. "हे हत्यार न्हाई, गोठा हाय. ह्याचा मान पोळ्याला." आणि पोळ्याच्या सुट्टीला खरोखर देवणीहून उलटे नांदेडला येऊन, पेशींना ताजं खाद्य घालून, कपाटाच्या दाराला हळदकुंकू लावून जात. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एकदा ते पाहिलं आणि त्या हादरल्याच. "मामा, इथं निर्जंतुक ठेवायचं असतं!" "हाव की. आधी स्पिरिटनं पुसलं, मग लावलं, मॅडम."

अशा आमच्या गोठ्यात एक दिवस मशीन आलं. तीन खोकी भरून. ते पेशी स्वतःच्या पोटात उबेला ठेवायचं, दर पाच मिनिटाला त्यांचा फोटो काढायचं, आणि पडद्यावर जिवंत पेशीभोवती हिरवं, मेलेल्या पेशीभोवती लाल कडं काढून शेवटी आकडा द्यायचं. रंग नको, काच नको, मामाही नकोत. मामांनी स्टूल ओढून त्याच्यासमोर बैठक मारली आणि कंपनीच्या इंजिनिअरला पहिलाच प्रश्न टाकला, "ह्याला बांध कळतो का?" तो बिचारा हैदराबादचा. माझ्याकडे बघायला लागला. मी भाषांतर केलं. "कळतो, कळतो," तो म्हणाला. मामांनी एक भुवई हलवली.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही. मशीनच्या प्रशिक्षणाला मला पाठवलं होतं. मी मूळचा वनस्पतिशास्त्राचा, नोकरीच्या ओघात इकडे आलेला. प्रशिक्षणात निम्मं कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. परत आल्यावर सगळं येतं असं सांगून मोकळा झालो. इंजिनिअरने विचारलं, "सर, पेशी किती गोल झाली की मेली म्हणायची, तो आकडा तुम्ही द्यायचा. हाताने मोजणारं कुणी असेल तर आठवडाभर ताडून बघा, मगच पक्का करा." हाताने मोजणारा माणूस दोन हातांवर स्टुलावर बसलेला होता. मी म्हणालो, "गरज नाही," आणि अंदाजाने आकडा टाकून दिला.

पुढच्याच महिन्यात एका विद्यार्थिनीचा प्रयोग होता. औषध देऊन पेशी विभागणीच्या उंबरठ्यावर थोपवायच्या आणि मग औषध धुऊन सगळ्यांना एकदम सोडायचं. मशीनने आकडा दिला, निम्म्याहून जास्त मेल्या. पडदा लाल कड्यांनी भरून गेला. मॅडमचं म्हणणं, औषध जास्त झालं, पोरीचे सहा महिने वाया. मामांनी त्याच पेशींचा थेंब घेऊन निळा रंग घालून मोजला आणि थेट मॅडमच्या खोलीत आले; मी तिथेच बसलेलो.

"मॅडम, मेलेल्या न्हाईत. व्यायला टेकल्यात."

"काय?"

"गाय व्यायला आली की बाजूला होती, अंग आखडून बसती. तशा गोल होऊन बसल्यात. त्याला मेली म्हणायलंय तुमचं मशीन."

"मामा, मशीन कशाला खोटं बोलेल? मागच्याच महिन्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना?"

"एकाच डोळ्याचं झालंय. मोजतो दुसऱ्यानं."

मॅडमना हसू आलं, मलाही आलं. मग मामा माझ्याकडे वळले. "सर, तुमी सांगा की."

मशीनच्या पोटात त्या पेशींचे दर पाच मिनिटाचे फोटो होते. ते सलग लावून बघायला जेमतेम दहा मिनिटं लागली असती, आणि ते उघडायचा पासवर्ड माझ्याकडेच होता. पण उघडलं आणि मामांचं खरं निघालं तर आकडा कुणी टाकला हेही निघणार. मी समोरची नोंदवही उगाच चाळली आणि म्हणालो, "मशीनचं बरोबर असावं."

असावं. एवढंच. आठ दिवसांनी मामांची बदली परीक्षा विभागाच्या गोदामात झाली, निवृत्तीला दीड वर्ष असताना. तिथे ते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत. मोजणी चोख असायची, पण येणारे-जाणारे सांगत, मामा आता बोलत नाहीत. तिथे तोंड बंद ठेवायचं काहीच कारण नव्हतं.

महिनाभराने, खोलीत कुणी नसताना, मी ते फोटो लावले. लाल कड्यातली एक पेशी थरथरली, मध्ये आवळली, आणि तिच्या दोन झाल्या. मग शेजारची. मग पलीकडची. पोळा फुटून बैल सुटावेत तसा सगळा पडदा हलायला लागला, आणि मशीन आपलं इमानाने मेलेल्या एकेकीच्या दोन होताना बघत होतं. मी आकडा बदलला. मॅडमना सांगितलं, सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली. मामांच्या मोजणीचं नाव काढलं नाही. पोरीचा प्रयोग वाचला. मॅडमनी बैठकीत माझं कौतुक केलं आणि मी ते मान खाली घालून घेतलं. लोकांना तो विनय वाटला.

मामा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. परवा प्रात्यक्षिक परीक्षेसाठी उदगीरला गेलो होतो, तिथून पुढे मामांच्या गावी गेलो. मामा गाईला पाणी दाखवत होते. "या सर, या! वाळले की हो लई." चहा झाला, आणि मी सगळं सांगून टाकलं. आकडा, पासवर्ड, ते 'असावं'. मामांनी गाईपुढची बादली बाजूला सरकवली. मग त्यांनी विचारलं,

"म्हंजे व्यायल्या?"

"व्यायल्या, मामा."

"समद्या?"

"दोन सोडून."

"त्या मी बी मेल्यातच धरल्या होत्या," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना. मग सावकाश म्हणाले, "पर हे मला सांगून काय उपेग, सर? मला ठावं होतं. मॅडमला सांगायचं हुतं. त्यांना अजून वाटत आसंल, ह्याची नजर गेली."

मॅडम केव्हाच दुसऱ्या विद्यापीठात गेल्या, मी म्हणालो.

"मग लिवा. तुमाला लिवायला येतंय."

फाट्यापर्यंत ते मला सोडायला आले. मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी पिकाची काहीतरी गोष्ट काढली. जीप आली, मी आत बसलो, तेव्हा खिडकीला हात लावून एवढंच म्हणाले, "लिवताना आकडा नीट घाला, सर. दोनच मेल्या हुत्या."

मॅडम, तुम्ही हे कुठे वाचत असाल तर त्या दिवशीची नोंद अशी हवी होती: दोन मेलेल्या, बाकी सर्व जिवंत, मोजणी मामांची. तिच्याखाली सही माझी असायला हवी होती. ती आज करतो आहे.