यंदाचं कानबाईचं गाणं

देवपूरच्या जीवराम नानांनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि दर श्रावणात खानदेशच्या कानबाई देवीसाठी एक नवं गाणं केलं. शिलाई मशीनवर पाय चालू लागला की त्यांना शब्द सुचत. देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे, म्हणजे पोळ्यांचे, गहू निवडायला भाऊबंदांतल्या बायका जमल्या की नाना ते गाणं त्यांना एकदाच ऐकवत. घरी जाताना ते बायकांच्या ओठांवर असलं तर ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतलेला. शेवटच्या कडव्यात 'जीवराम' मात्र हवाच. माणूस गुणी, पण नावाचा भारी हावरा!

यंदा घशाच्या ऑपरेशनमध्ये नानांचा आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. मुलगा प्रेमराज म्हणाला, "नाना, तुमनं जुनं गानं स्पीकरवर लाई देऊत."

"मागला सालना रोट यंदा निवदले चाली का?" नाना कुजबुजले. गाणं तयार होतं. म्हणणार कोण, एवढाच प्रश्न होता.

घरात होती बायको, यशोदाबाई. लग्नानंतर एकदा ती गुणगुणताना नाना बोलून गेले होते, "तुना गळामा सूर नही." तेव्हापासून तिने गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. आता तिच्याचपुढे हात पसरायची वेळ आली. नानांनी तिला शब्द सांगितले आणि मशीनच्या फळीवर ठेका धरून चाल समजावली. शब्द तिने लगेच उचलले, पण चाल आपल्याच वाटेने नेली. नानांनी फळीवर हात आपटला, तरी ती पुन्हा तिकडेच गेली.

गहू निवडायच्या दिवशी यशोदाबाईने खाली मान घालून गाणं म्हटलं, "कानबाई माय उनी, सडा टाका अंगनमा..." चाल तिचीच. नानांनी कपाळाला हात लावला. सगळं मुसळ केरात!

बायका उठल्या. धाकटी भावजय बेबाबाई दारात चपला घालताना गुणगुणत होती. गल्लीत आणखी दोघी तेच म्हणत निघाल्या होत्या. नाना उंबऱ्यात उभे राहून ऐकत राहिले. नियम तर त्यांचाच होता. राग आला, खूप आला. जेवणही धड गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी खुंटीवरचा डफ काढला आणि बायकोची चाल हातात बसेपर्यंत वाजवत बसले.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनासाठी पांझरा नदीकडे निघाली. यशोदाबाईच्या डोक्यावर देवीचा पाट, मागे गाणाऱ्या बायका, बाजूला डफ घेतलेले नाना. शेवटच्या कडव्यात 'जीवराम' आला तशी बेबाबाई म्हणाली, "नाना, यंदानी चाल काय भारी करी!"

नानांचा डफ थांबला. त्या गलक्यात कुजबुज कुणाला ऐकू जाणार? त्यांनी बेबाबाईला जवळ बोलावलं.

"बठ्ठास्ले सांग. चाल तिनी शे. तिना गळामा सूर पहिलेपाईन व्हता."

बेबाबाईने ते सगळ्यांना ओरडून सांगितलं. यशोदाबाईने मागे वळून पाहिलं नाही. तिने पहिलं कडवं पुन्हा धरलं, या वेळी मोठ्याने.