लेपोसावाची अर्धी गोळी

"एकाला द्यायचं आणि दुसरीला कोरडं ठेवायचं, हे कसलं आईपण?"

"आई, गोळी आहे ती. खाऊ नाही."

"दोघं एकाच महिन्यात जन्मलीत, स्नेझाना."

"महिन्याचं काय घेऊन बसलात? ओग्नेन कौलांवर चढतो. दुन्या नुसती खिडकीत बसते. तिला काही झालेलं नाही, जरा वेंधळी आहे. तुमच्या लेकावर गेलीय."

सासू-सुनेचं हे भांडण मी कुंपणाच्या अलीकडे मिरच्या भाजताना ऐकलं. ऐकायचं नव्हतं असं काही मी म्हणणार नाही. मिरच्या जळल्याच.

लेपोसावा माझी शेजारीण. लेक व्हिएन्नात विटा रचायला गेलेला, म्हणून सून आणि दोन नातवंडं तिच्याच चुलीवर. आमच्याकडे भावंडं वेगळ्या वर्षी, पण एकाच महिन्यात जन्मली, की त्यांचं नशीब एका दोरीनं बांधलेलं धरतात. एकाला द्याल ते दुसऱ्याला द्यायचं, नाहीतर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर येतं. लेपोसावा सफरचंदसुद्धा सुरीनं मधोमध कापायची.

ओग्नेनला शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं होतं. त्याचं लक्ष कुठे ठरत नाही, अंगही ठरत नाही, म्हणून रोज सकाळी एक गोळी. स्नेझाना पहाटेच शर्ट शिवायच्या कारखान्यात जायची, तेव्हा गोळी द्यायचं काम आजीचं. आजी ती भाकर मोडावी तशी मोडायची. अर्धी ओग्नेनला, अर्धी दुन्याला. सुनेला पत्ता नाही.

थोडे दिवस बरा वागलेला ओग्नेन पुन्हा शाळेतल्या अक्रोडाच्या झाडावर दिसायला लागला. दुन्याचं ताट भरलेलं तसंच परत यायचं. रात्री तिला झोप नाही, आणि नखांभोवतीची कातडी कुरतडून बोटं लाल. स्नेझाना म्हणायची, भावाच्या त्रासानं पोरगी वाळली. लेपोसावा गोळी मोडतच राहिली.

मग शहरात जायचं ठरलं. पोरांना धरायला एक जास्तीचा हात हवा, म्हणून मला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गोळी कमी पडतेय. उद्यापासून दुप्पट करू."

लेपोसावानं डोक्याचा रुमाल सोडला, परत बांधला. बुटांच्या टोकांकडे बघत म्हणाली, "दुप्पट नका करू. त्याला अर्धीच मिळते."

"आणि उरलेली अर्धी?"

लेपोसावाचा चेहरा आम्ही भाजतो त्या मिरच्यांसारखा लाल झाला होता. म्हणाली, "दुन्याला."

स्नेझाना ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त दुन्याचा कोट घेतला आणि त्या गरम खोलीत पोरीला घालून गळ्यापर्यंत बटणं लावली.

"ही गोळी मोडायची नसते, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलीला का दिलीत?"

"एकाच महिन्यातली आहेत, बाई. मला वाटलं, दोघांचं एकच."

त्यांनी मग दुन्याला जवळ बोलावलं. पुष्कळ वेळ विचारत बसल्या, आधी कुणी विचारलंच नव्हतं. नंतर आम्हाला सांगितलं, "दुखण्याचं नाव दोघांचं एकच निघेल असं वाटतंय. पण याचं लक्ष धावतं, हिचं हरवतं. डोक्यात निरोप पोचवणारे रस असतात. सगळ्यांत ते सारखेच चुकतात असं नाही. कुणात कोणता कमी पडतो, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. म्हणून प्रत्येकाचं वेगळं बघावं लागतं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही."

"दोरी नाही म्हणजे," लेपोसावा इतक्या हळू म्हणाली, की मलाच ऐकू आलं.

पुढे दुन्याला वेगळं औषध मिळालं. पोरगी जेवू लागली. खिडकीत अजून बसते, पण हाक मारली की एकदा तरी वळते. लेपोसावानं मात्र मान वर केलेली कुणी बघितली नाही. देवळात ती दाराआड उभी राहायची. माझ्याकडे कॉफीला येणं बंद. गाव काय, गावच. दुकानदार राडोये विचारायचा, "आज्जी, पाव अख्खा देऊ की अर्धा?" ती पैसे ठेवून निघायची. एकदा मीच म्हटलं, "अख्खा दे, आणि तुझी जीभ अर्धी कर."

दुकानाबाहेर पडताना तिनं म्हटलं, "त्याला कशाला बोललीस? खरंच तर बोलतो."

औषधं आणायला मात्र तीच जायची, गुडघे दुखले तरी. पण घरात गोळीला हात लावत नसे. औषधवाल्या मुलीसमोर उभी राहून दोन डबे दोन वेगळ्या पिशव्यांत घालून घ्यायची आणि पिशव्यांची तोंडं चिकटपट्टीनं बंद करून घ्यायची. एकीवर मुलाचं नाव, एकीवर मुलीचं. आणि तशाच सुनेच्या हातात द्यायची.

गेल्या फेब्रुवारीतली तिची खेप मी पाहिली. बसमधून उतरली, बुटांचा चिखल पायरीला घासला. स्नेझाना दारात होती.

"आई, आता पट्टी कशाला लावून आणता? किती वर्षं झाली."

"असू दे," लेपोसावा म्हणाली. पट्टी नीट चिकटलीय ना ते अंगठ्यानं दाबून बघितलं, दोन्ही पिशव्या सुनेच्या हातात दिल्या आणि चुलीत लाकूड सरकवायला आत गेली.