खोडदचे डबीअण्णा

दुकानात कोणीही आलं की डबीअण्णा आधी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावत, डोळे मिटून डायल टोनचा सूर ऐकत आणि मगच "या पावणं" म्हणत. साक्षात तहसीलदार आले तरी सूर आधी. त्यांच्यामागे आम्ही सगळे याची नक्कल करायचो. माझी सर्वांत झकास व्हायची, हे सांगायला हरकत नाही.

अण्णा मूळचे लोणीचे. रस्त्याच्या खोदकामात आमच्या गावचे फोन मुके झाले होते आणि मोबाईलला रेंज नव्हती. त्या वर्षी त्यांनी केबलवाल्याच्या तारेवरून आलेल्या इंटरनेटला एक काळी डबी जोडली आणि डबीला साधा फोन. तशीच डबी परदेशी गेलेल्या पोराकडे असली की दोन्हीकडची माणसं पोटभर बोलत. डबीतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला; कुणीही घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. अण्णा तो सीडीवर भरून मागेल त्याला देत. "घिऊन जा. काय सुधारलं तर मला बी द्या, येवढंच."

डबीतलं वायरलेस मात्र ते आधी बंद करत. गावाशेजारीच रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना. "तितं माणसं आभाळाचं ऐकत्यात. आपुन मधी कालवा करायचा न्हाई."

त्यांना भीती एकाच गोष्टीची, वीज जाण्याची. नवा प्रोग्रॅम भरताना पाच मिनिटांत वीज गेली तर डबी कायमची बाद. म्हणून भारनियमनाचं वेळापत्रक देवाच्या फोटोशेजारी लावलेलं. भरणं सुरू झालं की अण्णा श्वासही जपून घेत. मग कुणीतरी मुद्दाम ओरडे, "अण्णा, गेली!" अण्णा टुणकन उडत आणि आम्ही हसून लोळत असू.

एका दुपारी पार्वतीकाकू आपल्या नवऱ्याला, तात्यांना, खुर्चीसकट उचलवून आणणार होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. पाच वाजता मस्कतहून मुलगा बोलणार होता. आवाज घुमतोय म्हणून अण्णा दुकानातल्या एकुलत्या एका डबीत नवा प्रोग्रॅम भरायला बसले. मी बाकावर. नुसतं ओरडणं शिळं झालं होतं, म्हणून मी प्रयोग रंगवला. मेन स्विच खाली ओढला, "अण्णा, गेली!" म्हणालो आणि लगेच वर केला.

अण्णा उडाले नाहीत. डबीवरचा दिवा पुन्हा लागला नव्हता; ते तिकडे बघत राहिले.

दुसरी डबी पुण्याहून आणावी लागणार होती. तात्या आले. दोन गल्ल्या ओलांडतानाच त्यांना धाप लागली होती. "काय झालं वो?" काकूंनी विचारलं. मी तोंड उघडलं. माझ्याकडे न बघता अण्णा म्हणाले, "वैनी, माझ्या हातनं झालं. चुकीचं भरलं म्या."

ते गेल्यावर मला म्हणाले, "तुमाला या गावात ऱ्हायचंय, राव. माझं काय, आज हितं, उद्या लोणीला."

डबी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तात्या सकाळीच गेले होते.

त्यानंतर अण्णांच्या दुकानात कुणी येईना. दोन महिन्यांनी ते गाव सोडून निघाले. एसटीत त्यांची पिशवी चढवताना मी म्हणालो, "अण्णा, मी सांगतो काकूंना."

"सांगा की," ते म्हणाले. मी सांगेन, हे त्यांना खरं वाटलं होतं.

अण्णा लोणीतच वारले. काकू अजून माझ्या ओट्यावर येऊन टेकतात. फोनचा विषय निघाला की म्हणतात, "त्या लोणीवाल्यानं माझ्या मालकांना पोराचा आवाज ऐकू दिला न्हाई."

गावभर गोष्टी रंगवून सांगणारा मी, त्यांच्यासाठी चहा सांगतो.