मागच्या चाकाचा टायर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शबानाला – माझ्या बायकोला – नाही, रत्नागिरीला अम्मीला नाही, जुम्म्याच्या नमाजनंतर भेटणाऱ्या दोस्तांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. पण लांबून सुरुवात करू द्या. थेट त्या गोष्टीवर यायला मला अजून जमत नाही.

मी सायकल मेकॅनिक. आता शारजात माझं छोटं दुकान आहे, पण तेव्हा दुबईतल्या एका सायकल क्लबमध्ये नोकरीला होतो आणि शारजातल्याच रोल्ला भागात गावच्या पोरांबरोबर एका खोलीत राहायचो. पेत्रोस त्या क्लबचा कोच म्हणून आला. ग्रीसचा माणूस, ट्रॅकवरचा स्प्रिंटर. म्हणजे काय – तर कडेला भिंतीसारखा चढत गेलेला गोल ट्रॅक, बिनब्रेकच्या सायकली आणि दोघंच जण. आधी मांजरासारखं एकमेकांवर नजर ठेवत हळूहळू फिरायचं, आणि शेवटी वरून खाली झेप घेऊन जीव तोडून पळवायचं.

मिसरूड फुटायच्या वयात तो त्याच्या देशाचा चॅम्पियन होता. पुढे गावातला ट्रॅक दुरुस्तीअभावी बंद पडला, तर हा भावाच्या स्कूटरमागे हायवेवर सराव करायचा. मोठ्या स्पर्धांच्या निवडीत दोनदा अगदी थोडक्यात राहिला. बरोबरीचे सगळे थांबले, हा थांबला नाही. आमच्या पोरांना शिकवून झालं की स्वतःची सायकल काढायचा. म्हणायचा, "एकच सीझन अजून, इरफान. मग खलास."

सुट्टीच्या दिवशी तो रोल्लाला आमच्या खोलीवर जेवायला यायचा. तळलेली सुरमई हाताने खायला मीच त्याला शिकवलं. मित्र होता – हा शब्द मी विचार करून वापरतोय.

आमच्याच ट्रॅकवर एका मोठ्या स्पर्धेची निवड चाचणी होती; आदल्या दिवशी त्याने मागचं चाक माझ्याकडे दिलं. या सायकलींचा टायर रिमवर ग्लूने चिकटवतात. जुना ग्लू खरवडून काढायचा, नवा थर लावायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई चालत नाही. पण त्या संध्याकाळी खोलीवर बिर्याणी होती, गावाहून कुणी पाहुणा आला होता, आणि रोल्लाला नेणारा गाडीवाला खालून हॉर्न देत होता – यल्ला, यल्ला, चल लवकर. मी जुन्या ग्लूवरच एक पातळ थर फिरवला आणि टायर चढवला. हाताने ओढून पाहिला. जरासा हलला. हो – हलला. मला तेव्हाच कळलं होतं.

सकाळी पेत्रोसने विचारलं, "चाक ठीक?" मी म्हटलं, "एकदम." सांगितलं असतं तर दुसरं चाक लावता आलं असतं. ते तिथेच, भिंतीला टेकून उभं होतं. का नाही सांगितलं? बिर्याणीसाठी काम अर्धवट सोडलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं होतं?

शेवटच्या फेरीत तो वरून खाली झेपावला आणि मागचं चाक त्याच्याखालून निसटलं. त्याचा खुबा मोडला. सगळे त्याच्याकडे धावले. मी सायकलीकडे धावलो. टायर रिमवरून सुटून लोंबत होता. आता, पडल्यामुळे टायर निघतो की टायर निघाल्यामुळे माणूस पडतो – बघणाऱ्याला काय कळणार? मी चाक उचलून वर्कशॉपमध्ये नेलं आणि रिम घासून लख्ख केली. अ‍ॅम्ब्युलन्स अजून गेटबाहेरही पडली नव्हती.

पण हेही सांगायचं ते नाही. ते पुढेच आहे.

ऑपरेशननंतर मी हॉस्पिटलमध्ये गेलो. तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "तू बघत होतास ना? खरं सांग. मी उशिरा वळलो का? माझीच चूक झाली?"

क्लबच्या कुणी मला काही विचारलं नव्हतं. माझी नोकरी धोक्यात नव्हती. खोलीत आम्ही दोघंच. आणि मी म्हणालो, "हो, थोडा उशीर झाला तुला."

त्याने मान हलवली. माझा हात हातात घेतला आणि थँक्यू म्हणाला – खरं बोलल्याबद्दल.

तो पुन्हा कधी रेसमध्ये उतरला नाही. हाड जुळलं, डॉक्टरांनी परवानगीही दिली होती. पण वरून खाली वळताना हात आखडतात, म्हणाला. आपला अंदाज चुकतो म्हणून. तो अंदाज त्याच्या आयुष्यात चुकला नव्हता. माझ्या एका वाक्याने त्याचा त्या अंदाजावरचा विश्वास गेला.

गेल्या हिवाळ्यात तो दुबईवरून कुठेतरी जात होता, तर शारजात अल मजाजला आमच्या घरी जेवायला आला. शबानाने कोलंबी केली होती. माझ्या मुलीने, आयेशाने, इंग्लिशमध्ये त्याला विचारलं की तुम्ही सायकलिंग का सोडलं. तो हसत म्हणाला, "एकदा उशिरा वळलो, बेटा. आता ग्रीसला माझ्या गावच्या पोरांना शिकवतो ना, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना माझी ती चूक सांगतो." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझ्या अब्बानेच मला खरं काय ते सांगितलं. बाकी सगळे नुसतं समजावत होते."

शबानाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी त्याला एअरपोर्टला सोडायला मी एकटाच गेलो. रस्ताभर ट्रॅफिक होता, वेळ भरपूर होता. आम्ही मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल बोललो. उतरताना त्याने मिठी मारली, "हबीबी" म्हणाला आणि बॅग ओढत आत गेला.

आज हे लिहिलं. मराठीत लिहिलं – त्याला मराठी येत नाही, हे मला लिहायला बसण्याआधीच माहीत होतं.