पेशंट आहे गाडीत

बहिणीच्या नातवाचं बारसं डोंबिवलीत होतं आणि पणजी आल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालायचं नाही, असं ठरलेलं. पणजी म्हणजे माझी आई. टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरून आम्ही दोघं निघालो तेव्हाच उशीर झालेला, कारण मी आंघोळीलाच उशिरा गेलेलो.

माजिवड्याच्या पुढे हायवे मोकळा मिळाला आणि मी गाडी पळवली.

"अरे, साठचा बोर्ड होता," मागून आई म्हणाली.

"साठने इथे कुणी जात नाही, आई. मागचे शिव्या घालतात."

"घालू देत. शिव्यांनी हाड मोडत नाही."

"सगळे खोळंबलेत तिकडे. एखाद्या दिवशी चालतं गं."

"उशीर घरात केलास. तो रस्त्यावर का भरून काढतोस?"

मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आरशात पाहिलं तर आई डोळे मिटून, छातीवर हात ठेवून बसलेली. घाबरली होती. ते मला कळलं, तरी मी पाय उचलला नाही.

पुढे ट्रॅफिक हवालदाराने हात केला. तरुण होता. काचेशी वाकून त्याने विचारलं, "काका, लिमिट माहितीये ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पेशंट आहे गाडीत. आईच्या छातीत दुखतंय."

त्याने मागे पाहिलं. आईने डोळे उघडले, ती काही बोलणार तोच तो म्हणाला, "आजी, बोलू नका, दम लागेल." मग माझ्याकडे वळून, "अशा वेळी कसली आलीये लिमिट, काका! चला, माझ्या मागे या."

मी 'नको, आम्ही जातो' असं काहीतरी पुटपुटलो, पण तो बाइकवर बसलासुद्धा. शिट्टी वाजवत, हात हलवत त्याने आमच्यासाठी रस्ता मोकळा केला. टेम्पो बाजूला झाले, बस थांबली. एका रिक्षावाल्याने रिक्षा कडेला घेतली आणि आमच्या काचेकडे पाहून हात जोडले. मागून आई एवढंच म्हणाली, "थांब रे. थांबव गाडी." मी थांबलो नाही. थांबून सांगणार काय होतो?

हॉस्पिटलच्या दारात त्याने स्वतः व्हीलचेअर आणली. आईने हिरवं इरकल नेसलेलं, डोक्यात गजरा. तिने खुर्चीत बसायला नकार दिला आणि त्याचा हात धरून म्हणाली, "बाळा, मला काही झालेलं नाही. आम्ही बारशाला निघालोय. हा खोटं बोलला."

तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो घामाने भिजला होता. रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाला, "उद्या कुणी खरंच असं सांगितलं, तर मी काय करू, काका?"

वॉर्डबॉय, रांगेतले नातेवाईक, सगळे बघत होते. त्याने चलान फाडलं आणि निघून गेला. त्याची माफी मागितली ती आईने.

पुढचा सगळा रस्ता मी साठच्या आत चालवला. आम्ही पोचलो तेव्हा वाट बघून बघून बाळाला पाळण्यात घातलेलं, नाव ठेवून झालेलं, पानं वाढत होते.

"एवढा उशीर? काय झालं रे?" बहिणीने विचारलं.

"ट्रॅफिक," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून पाळण्यापाशी गेली आणि बाळाच्या पायांवरची दुपटी सारखी करत बसली. मी हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेलो आणि बराच वेळ नळ सोडून तसाच उभा राहिलो.